गुडघ्याला बाशिंग

मराठी भाषेने गुडघ्याला फारशा सन्मानाने वागवलेले नाही. ज्याला अक्कल नाही त्याचा मेंदू गुडघ्यात असतो. हरलेला माणूस गुडघे टेकतो. आणि ज्याला लग्नाची घाई झालेली असते तो उतावळा नवरा कपाळाचे बाशिंग गुडघ्याला बांधतो. पुराणांतही तीच गत. भासाच्या नाटकाचे नाव 'ऊरुभंग', म्हणजे मोडली ती मांडी. ग्रीकांनी अकिलीसचे मर्मस्थान ठेवले ते टाचेत. खुद्द श्रीकृष्णाला व्याधाचा बाण लागला तो पावलाला. मांडी आणि टाच यांच्या मधोमध जो सांधा आहे, ज्याच्यावर गदायुद्धातला प्रत्येक पवित्रा तोललेला असतो, त्याच्याकडे कोणा कवीने निरखून पाहिल्याचे आमच्या अल्प वाचनात नाही. फार तर 'आजानुबाहू' या शब्दात गुडघा भेटतो. तेथेही कौतुक हातांचे, गुडघा केवळ मापाची खूण.

वर्गात मराठी शिकवण्यात आमची बरीच वर्षे गेली, पण ही गोष्ट कधी मनात आली नव्हती. आली ती एका मुलीमुळे, आणि तीही उशिरा.

हकीकत रहिमतपूरची. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे गाव वसंत कानेटकरांचे जन्मगाव म्हणून ठाऊक असते. बाकीच्यांना ठाऊक असलेच तर पुणे-मिरज लोहमार्गावरचे एक स्थानक म्हणून. आम्ही तेथे एका माध्यमिक शाळेत होतो. क्रीडाशिक्षकाची जागा काही काळ रिकामी राहिली आणि मुलींचा खो-खोचा संघ आमच्या गळ्यात पडला. कारण एवढेच की कॉलेजात असताना आम्ही थोडेफार खेळलो होतो, आणि नाही म्हणण्याची आम्हाला सवय नव्हती.

२०१० साली ती मुलगी नववीत होती. पळतीत तिच्यासारखी खेळाडू आम्ही त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मागे फिरता येत नाही, हा खो-खोचा नियम. पळणाऱ्याचे सारे जगणे त्या नियमावर. ही मुलगी खांबाजवळ अंगावर येणाऱ्या खेळाडूला खांद्याने एक दिशा दाखवी आणि पाय रोवून दुसऱ्या दिशेला निघून जाई. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी, शाळेच्या मुरमाड मैदानावर, तिने तसाच डावा पाय रोवला, अंग वळले, आणि ती खाली बसली. पडली नाही, बसली. तिला कोणाचा हातही लागलेला नव्हता. जवळच्या चौकोनात बसलेल्या मुलीने नंतर सांगितले की सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. आम्ही तिला म्हणालो, काटकीच मोडली असेल.

रात्रीपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. दुसऱ्या दिवशी ज्याने त्याने आपापले निदान सांगितले. वाटी सरकली. शीर चढली. लचक भरली. अखेर सर्वमान्य ठरले ते 'मुरगळला'. आंबेहळदीचा लेप झाला. शेजारच्या गावात हाडे बसवणारे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे नेऊन गुडघा चोळून आणला. तीन आठवड्यांत सूज ओसरली, ती नीट चालू लागली, जिना चढू लागली, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

येथे जरा व्याकरणाकडे वळतो. वाचक बहुतेक आमच्याच व्यवसायातले असल्याने क्षमा करतील. मान मुरगळायला कर्ता लागतो, पाय मुरगळायला लागत नाही. 'लचकणे', 'सरकणे', 'निखळणे', 'जाणे' ही या प्रसंगी वापरली जाणारी क्रियापदे सगळी अकर्मक. 'गुडघा गेला' असे आपण म्हणतो तेव्हा तर 'आजोबा गेले' यातलेच क्रियापद तितक्याच शांतपणे वापरतो. कोणी काही केलेले नसते, ते होते. आणि जे नुसते होते त्याचे कारण कोणी विचारत नाही. फार तर नशीब म्हणून कपाळाला हात लावतात. त्या वर्षी आणि पुढेही कितीतरी दिवस आम्ही 'तिचा गुडघा गेला' असेच म्हणत होतो. त्या वाक्यात आम्ही कोठेच नव्हतो, ही त्याची मोठी सोय होती.

क्रियापदाचे हे असे, तर नामाचे त्याहून वाईट. लिगामेंटला आपल्या परिभाषेत 'अस्थिबंध' असा अगदी चोख शब्द आहे. हाडाला हाड बांधणारा तो अस्थिबंध. पण वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर त्याचा कधी 'स्नायुबंध' होतो, तर कधी नुसताच 'स्नायू', आणि तो 'दुखावतो'. हा काटेकोरपणाचा हट्ट नव्हे. स्नायू म्हणजे मांस. ते आकुंचन पावते, दमते, चोळल्याने सैल पडते. अस्थिबंध म्हणजे दोरी. खेळाडूचा 'स्नायू दुखावला' असे रोज वाचणारा माणूस मुलीचा गुडघा सुजल्यावर तिला चोळायला नेणार नाही तर कोठे नेईल? आम्हीही नेलेच की.

ही दोरी काय करते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. खुब्याच्या सांध्यात वाटीत गोळा बसावा तसे मांडीचे हाड खोलवर बसलेले असते. गुडघ्यात तशी खोबण नाही. मांडीचे हाड नडगीच्या हाडावर जवळजवळ नुसते टेकलेले असते, आणि त्याला जागेवर धरून ठेवतात त्या मुख्यतः चार दोऱ्या: दोन बाजूंना दोन, आणि सांध्याच्या आत फुलीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन. या आतल्या दोहोंतली पुढची, जिला डॉक्टर एसीएल म्हणतात, ती साधारण अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी. नडगी पुढे सरकू द्यायची नाही आणि पाऊल रोवलेले असताना सांधा भलतीकडे पिळू द्यायचा नाही, ही तिची कामे. तिच्यात संवेदनेचे तंतूही असतात. सांधा कोणत्या स्थितीत आहे याची वार्ता ते वर कळवत राहतात. मेंदू गुडघ्यात असण्याची शिवी आम्ही हे कळल्यापासून वापरलेली नाही.

ही दोरी तुटण्याच्या दहा प्रसंगांपैकी सुमारे सात प्रसंगांत कोणाचा धक्का लागलेला नसतो. वेगात असताना एकदम थांबणे, पाय रोवून दिशा बदलणे, उडीवरून एका पायावर उतरणे, बस इतकेच घडलेले असते. पाय जवळजवळ सरळ असतो, गुडघा आतल्या बाजूला झुकतो, पाऊल जमिनीला खिळलेले राहते आणि धडाचा भार दुसरीकडेच गेलेला असतो. मांडीचे पुढचे स्नायू नडगीला पुढे ओढत असतात. मागचे स्नायू तिला मागे धरणार, पण ते दुबळे असले किंवा त्यांना उशीर झाला तर सगळा ताण त्या पेराएवढ्या दोरीवर येतो. अशा दुखापतींच्या चित्रफिती तपासणाऱ्यांचे म्हणणे असे की पाऊल टेकल्यापासून सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात सारा प्रकार आटोपतो. एवढ्या वेळात विचार करून कोणी गुडघा सावरू शकत नाही. सावरण्याची रीत आधीच अंगात मुरलेली असावी लागते. मग 'टक्' असा आवाज, आणि काही तासांत सांध्यात रक्त साचून आलेली सूज. म्हणजे त्या काटकीच्या आवाजात आणि त्याच रात्रीच्या सुजेत निदान जवळपास लिहिलेले होते. आम्हाला ते वाचता आले नाही. परिच्छेदाचा आशय विचारून मुलांना गुण देणाऱ्या आम्हाला.

या दुखापतीतली सर्वांत फसवी गोष्ट अशी की सूज उतरल्यावर सरळ रेषेत चालायला ही दोरी फारशी लागत नाही. माणूस बाजारात जातो, जिना चढतो, अगदी सरळ धावतोही. दोरी नसल्याचे कळते ते वळताना.

नोव्हेंबरात जिल्हा स्पर्धा होत्या. शाळेचा संघ कधी नव्हे तो चांगला झालेला. आठवडाभर आधी ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, आता अजिबात दुखत नाही." ते खरे होते. आम्ही तिला मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायला सांगितले. ती पळाली, सुरेख पळाली, आणि आमचे समाधान झाले. हा सप्टेंबर आणि नोव्हेंबर यांमधला काळ पुरते सहा आठवडेही नव्हता. खेळाचे वाढीव गुण दहावीला मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पुढे पोलीस भरतीत मुलींनाही धावायचे असते, हे सारे तिच्या घरी आम्हीच समजावून सांगितले होते. तिच्या घरची जमीन थोडी आणि भावंडे तीन. त्या घरात तिचे पाय ही एक मिळकत होती, आणि तिने उद्याच्या ऐवजी आजच मैदानात उतरू म्हटले तर तिला उतावळी कोण म्हणेल? बाशिंग तिने बांधलेले नव्हते. ते आम्ही बांधले होते, तिच्या गुडघ्याला.

सामन्याच्या दुसऱ्याच पळतीत खांबाजवळ तिचा तोच डावा गुडघा पुन्हा 'निसटला'. हा तिचा शब्द, आणि आजवर आम्ही ऐकलेल्यांत सर्वांत अचूक. या वेळी पाय सरळच होईना.

साताऱ्याच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी तिला उताणे झोपवले, डावा गुडघा किंचित वाकवून एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढून पाहिली. शाबूत पायात ही ओढ एका जागी येऊन थांबते, दोरीला पीळ बसावा तशी. येथे ती थांबेना. या परीक्षेला जेमतेम अर्धे मिनिट लागले, उपकरण काही लागले नाही, आणि ती सप्टेंबरातही करता आली असती. पुढे एमआरआय झाला. डॉक्टर म्हणाले, पहिल्या वेळी दोरी तुटली होती. दोरी नसलेल्या गुडघ्यावर वळल्यामुळे दुसऱ्या वेळी आतली गादी फाटली. गुडघ्यात दोन हाडांमध्ये कूर्चेच्या अर्धचंद्राकृती दोन चकत्या असतात, त्यांपैकी एक. दोरीच्या जागी दुसरीकडची कंडरा काढून बसवता येते. गादीचे तसे नाही. ती शिवता आली तर शिवायची, नाही तर फाटलेला भाग काढायचा, आणि मग सांधा अकाली झिजतो. "मधल्या काळात कोणी तपासलं नाही का?" त्यांनी विचारले. ते सरळ चौकशी करत होते, दोष देत नव्हते. तिच्या वडिलांनी आमच्याकडे पाहिले आणि आम्ही भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे.

परतीच्या एसटीत वडील बराच वेळ गप्प होते. तरुणपणी ते तालमीत जात असत. कोरेगाव मागे पडल्यावर म्हणाले, "खाशाबांचा बी गुडघाच गेला की, सर. नशीब म्हणायचं." आमचे सांत्वन करण्यासाठी ते हे बोलले होते, हे नंतर लक्षात आले.

खाशाबा जाधव आमच्या जिल्ह्याचे. रहिमतपूरहून तारगाव, मसूर करत कराड गाठले की गोळेश्वर हे त्यांचे गाव शेजारीच. १९४८ साली लंडनला ते सहावे आले, तेही मॅटच्या कुस्तीची सवय नसताना. १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पुढच्या ऑलिम्पिकला मात्र ते जाऊ शकले नाहीत. गुडघ्याची गंभीर दुखापत आड आली. १९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले, १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात वारले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

त्यांच्यावरचे जे लेखन आम्ही वाचले आहे त्यात एका गोष्टीचे आम्हाला नवल वाटते. हेलसिंकीला जाण्यासाठी प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हा प्रसंग सगळ्यांना आवडतो. सरकारने उपेक्षा केली, हे सगळे सांगतात. गुडघा मात्र अर्ध्या वाक्यात येतो आणि जातो. उपेक्षेला कर्ता असतो, दातृत्वालाही असतो. दुखापतीला कर्ता नाही, म्हणून तिच्यात कथा नाही, असे काही चरित्रकारांना वाटत असावे. एखाद्या माणसाच्या आयुष्याला जी गोष्ट वळण देते तिच्यावर इतके कमी लिहिले जावे, हा चरित्रलेखनातला एक रूढ संकेतच आहे की काय, हा विद्यार्थ्यांनी तपासण्याजोगा विषय आहे.

तो काळ वेगळा होता, हे खरे. फाटलेला क्रूसबंध शिवण्याचा प्रयत्न इंग्लंडात लीड्स येथे मेयो रॉबसन यांनी १८९५ सालीच एका खाणकामगारावर केला होता आणि १९१७ साली हे ग्रोव्ह्ज यांनी त्या जागी शरीरातलीच दुसरी पट्टी ओवून दाखवली होती. पण १९५० च्या दशकात मोठ्या शहरांबाहेरच्या पैलवानाला त्याचा काय उपयोग? दुर्बीण घालून सांध्यात पाहणे सर्रास व्हायला आणि एमआरआय यायला अजून काही दशके जायची होती. 'गुडघा गेला' यापुढे निदान जात नव्हते. आमच्यापाशी ही सबब नव्हती. विनेश फोगाट २०१६ साली रिओच्या उपान्त्यपूर्व फेरीतून स्ट्रेचरवरून बाहेर गेली आणि दोन वर्षांनी जकार्ताला आशियाई सुवर्णपदक घेऊन आली. २०२३ साली पुन्हा त्याच प्रकारच्या दुखापतीने तिला शस्त्रक्रियेसाठी मुंबईला यावे लागले आणि पुढच्या वर्षी ती ऑलिम्पिकमध्ये होती. खाशाबांच्या आणि तिच्या गुडघ्यांत जे अंतर आहे ते नशिबाचे नव्हे.

शस्त्रक्रियेपेक्षाही आम्हाला अधिक लागली ती प्रतिबंधाची बाब. ती आम्ही फार नंतर वाचली. वळण्या-उड्यांच्या खेळांत ही दोरी तुटण्याचे प्रमाण मुलींत मुलांच्या दुपटीहून अधिक असते आणि ते वयात येण्याच्या सुमारास वाढते. कारणे देताना अनेक दिवस फक्त कमरेची रुंदी आणि संप्रेरके यांची नावे घेतली जात. अलीकडे काही अभ्यासक विचारू लागले आहेत की मुलींना लहानपणापासून जे खेळू दिले जाते, जितके बळ कमावू दिले जाते, त्यातच फरक नाही का? हे आम्हाला कोणी संशोधकाने सांगायला नको होते. आमच्या भागात मुलगा दहा वर्षांचा झाला की त्याला तालमीत बैठका मारायला धाडतात. मुलीला उड्या मारू नको असे तेरा वर्षे सांगतात आणि चौदाव्या वर्षी आमच्यासारखा कोणी तिला जिल्हा स्पर्धेत उतरवतो.

स्वीडनमध्ये बारा ते सतरा वर्षांच्या साडेचार हजारांवर फुटबॉलपटू मुलींवर २००९ च्या हंगामात एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या संघांनी आठवड्यातून दोनदा, खेळाआधी पंधरा मिनिटे, सहा साधे व्यायाम केले: एका पायावर अर्धी बैठक, दोन पायांवर बैठक, पाठीवर पडून कंबर उचलणे, कोपरांवर फळीसारखे राहणे, एक पाऊल पुढे टाकून वाकणे, आणि उडी मारून नीट उतरणे. या प्रत्येकात एकच लक्ष ठेवायचे, गुडघा पावलाच्या रेषेत राहिला पाहिजे, आत पडता कामा नये. त्या संघांत ही दोरी तुटण्याचे प्रमाण चौसष्ट टक्क्यांनी कमी आढळले, आणि ज्यांनी व्यायाम नेमाने केले त्यांना लाभ अधिक झाला. साहित्य लागले नाही. पैसा लागला नाही. एका पायावरचे ते व्यायाम वाचताना आम्हाला लंगडी आठवली. आपल्या मुली अंगणात लंगडी आणि ठिक्कर खेळत होत्या तेव्हा एका पायावर उतरण्याचा सराव त्यांना आपोआप होत होता, असे म्हणायचा मोह होतो. पण तेवढ्याने भागत नाही. गुडघा आत पाडून लंगडी घातली तर चुकीच्या रीतीचाच सराव होतो. कोणीतरी समोर उभे राहून पाहावे लागते.

तिची शस्त्रक्रिया दीड वर्षाने झाली, मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात. गावात सांगितले गेले की मावशीकडे शिकायला गेली. वडिलांनी आम्हाला बाजूला घेऊन म्हटले होते, "पोरीच्या गुडघ्याचं कुठं बोलू नका, सर. अजून उजवायची हाय." गुडघ्यावरचा बोटभर व्रण हा स्थळांच्या दृष्टीने दोष ठरतो, हे आम्हाला अनपेक्षित नव्हते, तरी त्या दिवशी ऐकवले नाही. बाशिंगाची म्हण अशा रीतीने पुन्हा समोर येईल असे वाटले नव्हते. शस्त्रक्रियेनंतरचे व्यायाम ती दार लावून करी. अंगणात पाय उचलून व्यायाम करताना कोणी पाहिले तर विचारणार. या दुखापतीत दोरी नवी बसवणे हे निम्मे काम. उरलेले निम्मे हे कंटाळवाणे व्यायाम, महिनोन्‌महिने. काहींना तर शस्त्रक्रिया लागतच नाही. स्वीडनमधल्याच एका अभ्यासात, ज्यांनी आधी फक्त व्यायामावर भर दिला त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. आणि ज्यांची होते त्यांनी निदान नऊ महिने स्पर्धेत उतरू नये, त्याआधी थांबलेला प्रत्येक महिना पुन्हा दुखापत होण्याचा संभव बराच घटवतो, असे नॉर्वेच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवले. नऊ महिने. आम्ही तुटलेल्या दोरीला सहा आठवडेही दिले नव्हते.

ती पुन्हा खेळली नाही. पोलीस भरतीचा अर्जही तिने भरला नाही.

शाळेला पुढे क्रीडाशिक्षक मिळाले. आम्ही निवृत्त होण्याआधी त्यांच्यासाठी त्या सहा व्यायामांचे एक पान मराठीत तयार केले. आयुष्यात केलेल्या भाषांतरांपैकी सर्वांत अवघड ते. 'जानुसंधीचे अंतर्वक्रण टाळावे' असे एक वाक्य आम्ही मोठ्या ऐटीत लिहिले होते. मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. मग त्यांनी त्यांचा शब्द शोधला. उडीवरून उतरताना जिचा गुडघा आत पडेल तिला बाकीच्या ओरडून सांगतात, "लाजला गं, लाजला!" आणि ती गुडघा सरळ करते. लाजणे हेही अकर्मकच, पण यात निदान काही करता येते. पानावरचे आमचे वाक्य खोडून तोच शब्द लिहिला.

अजून सकाळी फिरायला जाताना आम्ही मैदानाशी थांबतो. व्यायाम रोज होतात असे नाही. स्पर्धा जवळ आली की ही पंधरा मिनिटे सर्वांत आधी कापली जातात, नेमकी जेव्हा ती हवी असतात. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. आम्ही सामने दूरचित्रवाणीवर पाहिले, पण खरे सांगायचे तर पळतीपेक्षा गुडघेच पाहत होतो. खेळ आता मॅटवर आणि बुटांत आला आहे. बूट मॅटला चांगला धरतो, आणि धरलेले पाऊल घसरून सुटत नाही. नॉर्वेतल्या हँडबॉलच्या एका पाहणीत लाकडी फरशीपेक्षा कृत्रिम पृष्ठभागावर मुलींच्या अशा दुखापती अधिक आढळल्या होत्या. मुरमाच्या मैदानाची बाजू घ्यावी असे आम्हाला वाटत नाही, ज्या मैदानावर आमच्यादेखत हे घडले ते मुरमाचेच होते. पण मॅट घेण्यासाठी वर्गणी काढणाऱ्यांनी ते सहा व्यायामही घ्यावेत, ते फुकट आहेत.

हा लेख लिहून झाल्यावर आम्ही तिला फोन केला. ती आता दुसऱ्या तालुक्यात सासरी असते, तिला एक मुलगा आणि एक मुलगी आहे. थंडीत गुडघा ठणकतो, मांडी घालून बसता येत नाही, म्हणून सत्यनारायणाला पाटाऐवजी खुर्ची लागते, असे तिने हसत सांगितले. आम्ही लेख वाचून दाखवला. ती शेवटपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिहा की सर. फक्त नाव नको." आम्ही बरे म्हणालो आणि आणखी काही राहिले का म्हणून विचारले.

"तसं काही नाही," ती म्हणाली. "पण डावा नव्हता, सर. उजवा होता."

वर जेथे जेथे 'डावा' असे आले आहे तेथे वाचकांनी 'उजवा' असे वाचावे.